संशय ठेवलात, मग उत्तरे का वगळलीत?

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
तत्त्वज्ञान अभ्यास मंडळ

विषय : तृतीय वर्ष कला शाखेच्या ज्ञानमीमांसेच्या (ज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या) पेपरातून ‘संशयवादाला उत्तरे’ हा घटक वगळल्याबाबत

सादर नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आम्ही ओळ न् ओळ वाचला. चार श्रेयांकांच्या, ६० तासिकांच्या या पेपरात आजवर प्रत्येकी १५ तासिकांचे चार घटक होते : ज्ञानाची व्याख्या, प्रमाणे (ज्ञान मिळवायची साधने), संशयवाद आणि संशयवादाला उत्तरे. मसुद्यात पहिले तीन जवळजवळ तसेच आहेत. चौथ्याच्या जागी ‘ज्ञान आणि समाजमाध्यमे’ आले आहे. जुन्या चौथ्या घटकातल्या उत्तरांपैकी उरले आहे ते एवढेच, की तिसऱ्या घटकाच्या तळाशी एक ओळ आहे : ‘संशयवादाची समीक्षा – आत्मविरोधाचा दोष’.

आम्ही हा पेपर शिकवतो आणि त्याच्या उत्तरपत्रिका तपासतो. मसुदा असाच मंजूर झाला, तर मुलांच्या हाती ‘काहीच निश्चित कळू शकत नाही’ हा युक्तिवाद पुरता तयार होऊन पडेल, आणि तो उलगडून पाहायची साधने मात्र पडणार नाहीत. संशयवाद चूक आहे असे त्यांना पढवा, ही आमची मागणी नाही. युक्तिवादाला सांधे कुठे आहेत आणि कोणी कोणता सांधा सोडवून पाहिला, हे शिकल्याशिवाय संशयवाद शिकलाच जात नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. ते विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही वाचावे.

आमच्या हरकती सांगतो.

पहिली हरकत त्या शिल्लक ओळीवरच आहे. आत्मविरोधाचा दोष म्हणजे हा नेहमीचा प्रश्न : ‘काहीच कळत नाही, हे तरी तुम्हांला कळते का?’ वर्गात तो विचारला की मुलांना वाटते, संपला विषय. पण हा घाव ‘काहीच कळत नाही’ असे ठासून सांगणाऱ्यावरच बसतो, आणि इतिहासातले सगळ्यांत चिवट संशयवादी असे काही सांगतच नाहीत. प्राचीन ग्रीक लेखक सेक्स्टस एम्पिरिकसने मांडलेला पायऱ्होचा पंथ म्हणतो : आम्ही अजून शोधतो आहोत, दोन्ही बाजू तोलास तोल दिसतात, म्हणून निर्णय थांबवला आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने तर हा आक्षेप स्वतःच्या ग्रंथात पूर्वपक्ष (प्रतिपक्षाचे म्हणणे) म्हणून घेतला आणि ‘विग्रहव्यावर्तनी’च्या २९व्या कारिकेत उत्तर दिले : माझी काही प्रतिज्ञा (ठासून मांडलेले विधान) असती तर हा दोष मला लागला असता; ‘नास्ति च मम प्रतिज्ञा’, माझी प्रतिज्ञाच नाही. ज्या एका उत्तराची दखल हे दोघे आधीच घेऊन बसले आहेत, तेवढेच मंडळाने ठेवले आहे. नागार्जुनाचे हे उत्तर पुरते का, यावरही भरपूर वाद आहे. पण तो वाद मुलांपर्यंत पोहोचायला तासिका लागतात, आणि त्याच काढून घेतल्या आहेत.

दुसरी हरकत महत्त्वाची आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो.

संशयवादाचा आजचा गाजलेला युक्तिवाद तीन ओळींत फळ्यावर लिहिता येतो.

(क) मला दोन हात आहेत हे मला माहीत असेल, तर ‘मी टाकीत ठेवलेला, तारांनी खोटे अनुभव पुरवलेला मेंदू नाही’ हेही मला माहीत असले पाहिजे.
(ख) मी तसा मेंदू नाही, हे मला माहीत नाही. कारण तसा असतो तरी सगळे असेच दिसले असते.
(ग) म्हणून मला दोन हात आहेत, हेही मला माहीत नाही.

उत्तरे शिकवायची म्हणजे प्रत्येक तत्त्वज्ञाला एकेक परिच्छेद द्यायचा, असे नव्हे. कोणी कोणत्या ओळीवर बोट ठेवले आणि त्याची काय किंमत मोजली, हे दाखवायचे असते.

जी. ई. मूरने १९३९च्या व्याख्यानात दोन्ही हात वर करून ‘हा एक हात, हा दुसरा, म्हणून बाह्य वस्तू आहेत’ अशी सिद्धता मांडली. हा भोळेपणा होता, असे पुष्कळ टिपणांत लिहिलेले असते. ते चूक आहे. चांगल्या सिद्धतेच्या तीन अटी मूर आधी घालतो : आधारविधान निष्कर्षाहून वेगळे हवे, ते नुसते मानलेले नको तर माहीत हवे, आणि निष्कर्ष त्यातून निघायला हवा. शेवटी तो मोकळेपणाने कबूलही करतो की ‘हा हात आहे’ हे मला सिद्ध करता येणार नाही; पण सिद्ध करता येत नाही म्हणून माहीत नाही, असे होत नाही. माहीत असणे आणि सिद्ध करता येणे या दोन गोष्टी वेगळ्या काढणे, हे मूरचे खरे काम. वरच्या मांडणीत बसवायचे तर (ग) खोटे आहे याची मला (ख)पेक्षा जास्त खात्री आहे, म्हणून (ख)च सोडायला हवे. किंमत अशी, की जो हातावरच शंका घेतो त्याला मूरच्या सिद्धतेतून नवे काहीच मिळत नाही.

ड्रेट्स्कीने १९७० साली आणि नोझिकने १९८१ साली (क)वरच बोट ठेवले. ड्रेट्स्कीचे उदाहरण प्राणिसंग्रहालयातल्या झेब्र्याचे आहे. समोर झेब्रा आहे हे मला माहीत आहे. तो हुबेहूब रंगवलेले खेचर नाही, हे मात्र मी तपासलेले नाही. पहिले माहीत असूनही दुसरे माहीत नसू शकते. नोझिकने हे अटींत बांधले : गोष्ट खरी हवी, मी ती मानायला हवी, ती खोटी असती तर मी ती मानली नसती, आणि खरी असती तर मानली असती. तिसरी अट लावून पाहा. मला हात नसते, समजा अपघातात गेले असते, तर हात आहेत असे मी मानले नसते. अट पुरी झाली. मी टाकीतला मेंदू असतो, तर मात्र ‘नाही’ असेच मानत राहिलो असतो, अट मोडली. म्हणजे हात माहीत आहेत, टाकी नाही हे माहीत नाही, आणि (क) कोसळले.

इथे थांबले तर मुलांना वाटते, प्रश्न सुटला. क्रिप्कीचा आक्षेप इथेच शिकवावा लागतो. एका गावात धान्यकोठारांचे नुसते दर्शनी देखावे उभे केले आहेत, मागे काही नाही. त्यांत एकच खरे कोठार आहे आणि ते लाल आहे. देखाव्यांना लाल रंग देताच येत नाही, असे धरा. मी ते खरे कोठार पाहतो. ‘समोर लाल कोठार आहे’ हे विधान तिसऱ्या अटीत उतरते, कारण ते खोटे असते तर मला लाल काही दिसलेच नसते. पण ‘समोर कोठार आहे’ हे उतरत नाही, कारण ते खोटे असते तर त्या जागी देखावा असता आणि मी फसलो असतो. मग लाल कोठार आहे हे माहीत, पण कोठार आहे हे माहीत नाही! ही विसंगती वर्गात फळ्यावर मांडायला एक पूर्ण तासिका लागते. ती तासिका दिली, की मुलांना अटी घालणे आणि अटी तपासणे यांतला फरक कायमचा कळतो. आमच्या मते या पेपरात यापेक्षा मोलाची दुसरी तासिका नाही.

पटनमने १९८१ साली तिसरीच वाट काढली. जो आयुष्यभर टाकीतच आहे, त्याच्या ‘टाकी’ या शब्दाचा खऱ्या टाकीशी संबंधच कधी आला नाही. म्हणून ‘मी टाकीतला मेंदू आहे’ हे वाक्य तो बोलला तरी खरे ठरत नाही. युक्तिवाद देखणा आहे. पण ज्याचा मेंदू काल रात्रीच काढून टाकीत ठेवला, त्याच्या शब्दांना अर्थ आधीच चिकटलेले असतात. त्याला हे उत्तर लागू पडत नाही. डीरोझ (१९९५) आणि लुईस (१९९६) यांचे म्हणणे असे, की ‘माहीत असणे’ या शब्दाचे माप प्रसंगाप्रमाणे बदलते. बाजारात आपण खरे बोलतो, आणि संशयवाद्याच्या वर्गात तोही खरे बोलतो. हा तह आहे, आणि तहात वर्ग संशयवाद्याला देऊन टाकावा लागतो.

आणि विट्गेन्स्टाइन. त्याच्या शेवटच्या दीड वर्षातली टिपणे, ज्यांतले शेवटचे त्याने मृत्यूच्या दोन दिवस आधी लिहिले, १९६९ साली पुस्तकरूपाने आली. दार फिरायचे तर बिजागरी जागेवर राहावी लागते, हे त्याचे म्हणणे. काही गोष्टी आपण तपासून धरलेल्या नसतात. तपासणे मुळात त्यांच्या आधाराने चालते. मूरचे ‘मला माहीत आहे’ त्याला खटकते ते याचसाठी. बिजागरीला ‘माहीत असणे’ हा शब्दच लावू नये, असे तो सुचवतो. मग प्रश्न येतो की बिजागरी जी माहीत नाही, तिच्या आधारावरचे दार कसे माहीत? या प्रश्नावर आजही लिहिले जाते आहे.

तिसरी हरकत भारतीय भागाबद्दल आहे. जुन्या चौथ्या घटकात न्याय (प्रमाणांचा विचार करणारे भारतीय दर्शन) आणि नागार्जुन होते. मसुद्यात नागार्जुन ‘संशयवाद’ या शीर्षकाखाली उरला आणि न्यायाचे उत्तर गेले. म्हणजे पूर्वपक्ष ठेवला आणि सिद्धांत गाळला. आपल्या कोणत्याही शास्त्रग्रंथाची अशी रचना नसते.

नागार्जुन विचारतो : प्रमेये (ज्ञानाचे विषय) प्रमाणांनी सिद्ध होतात म्हणता, तर प्रमाणे कशाने? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. प्रमाणाशिवाय म्हणाल तर प्रतिज्ञा सुटली. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या आह्निकात या जातीच्या आक्षेपांना सविस्तर उत्तर आहे, आणि त्यातला तुलेचा दृष्टांत वर्गात प्रत्यक्ष करून दाखवता येतो. तराजू सोने तोलतो, तेव्हा तो प्रमाण. त्याच सोन्याने दुसरा तराजू तपासला, तर सोने प्रमाण आणि तराजू प्रमेय. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या दोन जाती नाहीत. त्या भूमिका आहेत आणि त्या बदलतात. म्हणून प्रमाण तपासायला प्रमाणांची वेगळी उतरंड लागत नाही. गरज पडेल तेव्हा, पडेल तिथे, एकाने दुसरे तपासायचे.

पण इथेही मुलांना अडवले पाहिजे. समजा दुकानातली सगळी वजने सारख्याच प्रमाणात हलकी आहेत, किलोचे वजन ९५० ग्रॅमचे आणि अर्ध्या किलोचे ४७५चे. अर्ध्या किलोची दोन वजने एका पारड्यात आणि किलोचे दुसऱ्यात टाकले, तर काटा बरोबर मध्यावर येतो. वजने आपापसांत कितीही ताडून पाहा, खोट सापडणार नाही. संशयवाद्याला नेमके हेच म्हणायचे आहे. आता मापाने एक लिटर पाणी आणा. त्याचे वजन किलोच्या आसपास भरते, म्हणून पाण्याचे पारडे खाली जाते आणि हे किलोचे वजन वर उचलले जाते. खोट सापडली, पण लिटरचे माप खरे कशावरून? न्यायसूत्रांवरचे वात्स्यायनाचे भाष्य सुरूच होते ते या प्रश्नाच्या उत्तराने : ‘प्रमाणतोऽर्थप्रतिपत्तौ प्रवृत्तिसामर्थ्यादर्थवत् प्रमाणम्’. ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येते, यावरून प्रमाण खरे ठरते. आणि तपासणी थांबते कुठे? जिथे संशयाला कारण उरत नाही तिथे.

हे ‘कारण’ न्यायाने मोघम सोडलेले नाही. पहिल्या अध्यायात संशयाचे लक्षण सांगताना त्याची पाच कारणे दिली आहेत. संधिप्रकाशात उभे काही दिसते. उंची आणि जाडी खांबालाही तशीच, माणसालाही तशीच. दोघांना वेगळे करणारी खूण दिसत नाही. म्हणून ‘खांब की माणूस?’ हा संशय. म्हणजे ज्याला खांब आणि माणूस दोन्ही आधीपासून ओळखू येतात, त्यालाच हा संशय येऊ शकतो. संशय हवेतून येत नाही, तो ज्ञानाच्या पोटी जन्मतो. समाजमाध्यमांच्या नव्या घटकाला आमचा विरोध नाही, पण त्याला हाच पाया हवा. फिरत आलेल्या संदेशावर कधी शंका घ्यायची, आणि ‘सगळेच खोटे असते’ म्हणून सगळेच सोडून देणे वेगळे कसे, हे सांगायला मंडळाने काढून टाकलेली सूत्रेच लागणार आहेत.

न्यायाचे उत्तरही निर्वेध नाही, आणि तेही शिकवायला हवे. जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ १९४० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. ज्ञान अव्यभिचारी (न चुकणारे) आहे हे कशावरून कळले, असे विचारून तो तीन वाटा एकेक करून बंद करतो : निर्दोष कारणांवरून, बाध न आल्यावरून, आणि प्रवृत्तिसामर्थ्यावरून, म्हणजे कृती फळाला येण्यावरून. नैयायिकाचा सगळ्यांत भरवशाचा खुंटाच तो हलवतो.

त्यानंतरची चकमक तर कुठल्याही देशाच्या तत्त्वज्ञानात शोभावी अशी आहे. व्याप्तीबद्दल (जिथे धूर तिथे अग्नी, अशा नियमाबद्दल) ‘दुसऱ्या काळी, दुसऱ्या ठिकाणी धूर अग्नीशिवाय असेल’ अशी शंका घेणाऱ्याला नैयायिक उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त सांगितले : दुसरा काळ आणि दुसरे ठिकाण तुला अनुमानानेच कळले ना? आणि शंकेला सीमा आहे : ‘व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः’. म्हणजे व्याघात (विरोध) येईपर्यंतच शंका चालते, आणि तर्क तिला थांबवतो. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त याच श्लोकाचे थोडे शब्द फिरवून तो उदयनावर उलटवला आणि शेवट केला ‘तर्कः शङ्कावधिः कुतः’ (तर्क शंकेला कसा थांबवणार?) असा. त्याचे म्हणणे असे : व्याघात म्हणजे शंकेशी विरोध. म्हणजे व्याघात मानला तरी शंका मानावीच लागते. मग व्याघात शंकेला कसा अडवणार? चौदाव्या शतकात नैयायिक गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त दोघांना समोर ठेवून उत्तर दिले : विरोध शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी आहे. धूर हवा तर तो नेमाने अग्नी पेटवतो, भूक भागवायला जेवतो, दुसऱ्याला समजावे म्हणून शब्द वापरतो. अशी नेमाची कृती आणि तीच शंका एकत्र नांदत नाहीत.

आता सेक्स्टस शेजारी ठेवा. तो म्हणतो, निर्णय थांबवला तरी आम्ही निष्क्रिय होत नाही. जसे भासते तसे वागतो. भूक लागते, ती अन्नाकडे नेते. गंगेश जेवणाकडे बोट दाखवून म्हणतो की तुझी शंका खरी नव्हे, आणि सेक्स्टस त्याच जेवणाकडे बोट दाखवून म्हणतो की जेवायला खात्री लागत नाही. गंगेशाच्या बाजूने ‘नेमाने’ हा शब्द उभा आहे, कारण भूक अन्नाकडे ढकलेल, पण धूर हवा म्हणून लाकडे आणून पेटवणे भुकेसारखे नुसते ढकलले जाणे नव्हे. हा सामना निकाली लागला असे आम्ही म्हणत नाही. पण मसुद्याप्रमाणे सेक्स्टस एका घटकात आणि गंगेश कुठेच नाही, तर हा सामना आपल्या मुलांना दिसणारच नाही.

चौथी हरकत थोडक्यात. मसुद्यात देकार्त ‘प्रमुख संशयवादी’ या यादीत आहे. १६४१च्या ‘चिंतनां’त त्याने संशय वापरला तो निश्चित ज्ञानाचा पाया शोधायला. सहा चिंतनांपैकी पहिल्यातला, सगळ्यात फसवणारा खोडसाळ राक्षसच शिकवायचा आणि पुढची पाच सोडायची, हे अन्यायाचे आहे. त्याचा युक्तिवाद असा : स्पष्ट व सुस्पष्ट प्रत्यय खरे, कारण ईश्वर फसवत नाही. आणि ईश्वर आहे हे स्पष्ट व सुस्पष्ट प्रत्ययावरून. हे चक्रक (वर्तुळात फिरणारा युक्तिवाद) त्याचा टीकाकार आर्नो याने तेव्हाच दाखवले होते. तेही शिकवा.

पाचवी हरकत परीक्षेची. नमुना प्रश्नपत्रिकेत ‘संशयवाद म्हणजे काय ते सांगून त्याची समीक्षा करा’ हा १५ गुणांचा प्रश्न आहे. याचे उत्तर पाठ करून लिहिता येते आणि तसेच लिहिले जाईल.

आमच्या मागण्या या :

१. उत्तरांचा घटक परत आणा. श्रेयांक वाढवायला नकोत. चार घटकांतून प्रत्येकी तीन तासिका काढल्या, की १२ तासिकांचे पाच घटक होतात आणि बेरीज ६०च राहते. त्या १२ तासिकांपैकी युक्तिवादाच्या मांडणीला १, मूर व विट्गेन्स्टाइनला ३, ड्रेट्स्की, नोझिक व क्रिप्कीला ३, पटनम व लुईसला १, आणि नागार्जुन ते गंगेश या धाग्याला ४ द्याव्यात.

२. ‘आत्मविरोधाचा दोष’ ही ओळ काढून ‘आत्मविरोधाचा आक्षेप आणि त्याच्या मर्यादा’ असे लिहा.

३. देकार्तला त्या यादीतून काढा.

४. प्रश्नाचे रूप बदला. युक्तिवाद क्रमांक घालून छापून द्या आणि विचारा : अमुक तत्त्वज्ञ यांतले कोणते विधान नाकारतो, कोणत्या आधारावर, आणि त्यावर एक आक्षेप लिहा. विधान ओळखण्याला ३, आधाराला ७ आणि आक्षेपाला ५ गुण ठेवा.

५. संज्ञा एकसारख्या ठेवा. मसुद्यात एकाच पानावर ‘संशय’, ‘शंका’ आणि ‘संदेह’ अदलाबदलीने आले आहेत. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली निघालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश हाताशी आहे. मंडळाने तो आधार धरावा.

६. घटक का वगळला, याची कारणे मसुदा विद्यापरिषदेपुढे जाण्याआधी लेखी जाहीर करा. विद्यार्थी कमी, शिक्षक कमी, मराठीत वाचनसाहित्य नाही, यांपैकी काहीही कारण असले तरी ते सांगा. त्यावर बोलता येईल.

साहित्याची अडचण असेल, तर मूरच्या व्याख्यानाची शेवटची पाने आणि न्यायसूत्रांतल्या प्रामाण्यपरीक्षेचा भाष्यासह भाग यांचा मराठी अनुवाद आम्ही मानधन न घेता करून देऊ. दोन्हींचे कच्चे खर्डे तयार आहेत. मंडळाने वेळ द्यावी, आम्ही ते घेऊन येतो.

आपले,
ज्ञानमीमांसेचा पेपर शिकवणारे अध्यापक